नायजेरियातलं सक्तीचं वर्ष: टाळावं की आत्ताच पूर्ण करावं?

प्रश्न: माझं माहेर नाशिकचं, यजमान नायजेरियातल्या इनुगूचे. मुलगा तिथेच जन्मला, पासपोर्टही तिथलाच. यंदा तो पुण्यात बी.ई. झाला, वय २२. त्याचे बाबा म्हणतात, आधी तिथली राष्ट्रीय युवा सेवा कर. मला वर्ष वाया जाईलसं वाटतं, शिवाय जिवाची काळजी आहेच. तिशीनंतर सूट मिळते म्हणे. तोवर थांबलो तर?
– एक आई

उत्तर: ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तिथेच अनेकांची फसगत होते. तिशीची अट पदवी मिळाली त्या दिवशीच्या वयाला लागू होते. मुलगा २२व्या वर्षी पदवीधर झाला. तो चाळिशीत परतला तरी सेवा त्याच्या नावावर बाकीच राहील.

तिथल्या माजी अर्थमंत्री केमी अडेओसुन इंग्लंडमध्ये शिकलेल्या. या सेवेतून सूट मिळाल्याचं त्यांचं प्रमाणपत्र बनावट असल्याचा आरोप झाला आणि सप्टेंबर २०१८ मध्ये त्यांना मंत्रिपद सोडावं लागलं. पुढे २०२१ मध्ये न्यायालयाने सांगितलं, की पदवी घेताना त्या ब्रिटिश नागरिक होत्या, त्यामुळे सेवा त्यांना लागूच नव्हती. तुमचा मुलगा जन्मापासून नायजेरियाचा नागरिक. त्याला ती वाट नाही. सूटपत्र मिळवून देतो म्हणणाऱ्या एजंटला दारात उभंही करू नका.

ही योजना १९७३ची. नायजेरियातून फुटून निघालेल्या बियाफ्रा या आग्नेय भागाचं यादवी युद्ध १९७०मध्ये संपलं, आणि एकमेकांविरुद्ध लढलेल्या समाजांतली मुलं परक्या राज्यात राहावीत म्हणून जनरल गोवन यांच्या सरकारने ती आणली. इनुगू ही बियाफ्राची पहिली राजधानी. तुमच्या यजमानांचा आग्रह नुसत्या कागदासाठी नसेल. एकदा निवांत बसून विचारा त्यांना.

वर्ष वाया जाईल ही भीती निम्मी खरी आहे. सुरुवातीला तीन आठवडे खाकी गणवेशातलं शिबिर, मग नेमणूक, आठवड्यातून एक दिवस समाजकार्य. भत्ता २०२५पासून महिना ७७,००० नायरा. इंजिनिअरला खेड्यातल्या शाळेत गणित शिकवायला पाठवलं, असं सर्रास घडतं. पण सेवा पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र नसेल तर सरकारी नोकरीचं दार बंद, आणि चांगल्या खासगी कंपन्याही ते मागतात. पुढच्या दहा वर्षांत तिथे काम करण्याची थोडी जरी शक्यता असेल, तर पुढच्या शिक्षणाआधी आत्ताच जावं, असं माझं स्पष्ट मत आहे. नोकरी, लग्न, घर झाल्यावर हे वर्ष काढणं फार जड जातं.

काळजीचं म्हणाल, तर ती अनाठायी नाही. २०११च्या निवडणुकीनंतरच्या हिंसाचारात बाउची राज्यात सेवेतली तरुण मुलं मारली गेली. २०२३मध्ये सोकोटोच्या शिबिराला निघालेल्या आठ जणांचं वाटेत अपहरण झालं. म्हणून लांबचा प्रवास शक्यतो विमानाने, रस्त्याने गेलाच तर दिवसाउजेडी. सुरक्षेच्या किंवा आजारपणाच्या कारणाने राज्य बदलून मागता येतं, हे लक्षात ठेवा.

कागदपत्रांची तयारी आजच सुरू करा. परदेशात शिकलेल्यांची मूळ कागदपत्रं प्रत्यक्ष तपासतात. तात्पुरत्या प्रमाणपत्रावर विसंबू नका, विद्यापीठाकडे मूळ पदवीसाठी लगेच अर्ज करा. भारतात येण्याजाण्याचे शिक्के असलेला जुना पासपोर्टही जपून ठेवा.

आणखी एक. पत्रात तुम्ही आहात, यजमान आहेत. मुलाचं म्हणणं कुठेच दिसलं नाही. त्याला काय हवंय, ते त्यालाच लिहून पाठवायला सांगा.