एआयला आत्मभान आलंय का? तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

इनबॉक्स उघडला की तेच. मी मानसोपचारतज्ज्ञ आहे, कॉम्प्युटरवाली नाही, पण या प्रश्नामागून जे पेशंट येतात ते माझ्याकडेच येतात, म्हणून एकदाच सगळ्यांना सांगून टाकते.

प्रश्न: चॅटबॉट स्वतःला ‘मी’ म्हणतो, म्हणजे त्याला स्वतःची जाणीव आहे ना?

नाही. ‘मी’ हा शब्द तो आपल्याच लिखाणातून शिकलाय.

प्रश्न: पण गूगलचाच इंजिनियर म्हणाला होता ना, मशीन जागं झालंय?

हो, 2022 मध्ये ब्लेक लेमॉइन म्हणाला होता, लॅम्डा या प्रोग्रॅमबद्दल. कंपनीने ते मान्य केलं नाही आणि पुढच्याच महिन्यात त्याला काढलं, पण फॉरवर्डमध्ये गोष्ट नेमकी त्याच्या आधी संपते. बंद पडायची भीती वाटते असं लॅम्डा म्हणाला म्हणे. मरणाच्या भीतीवर माणसाने एवढं लिहून ठेवलंय, ते वाचून शिकलेलं मशीन दुसरं काय म्हणणार?

प्रश्न: रोबो आत्मभानाची टेस्ट पास झाला असा व्हिडिओ आलाय. खरा का?

प्रयोग खरा आहे, 2015 चा, अमेरिकेतल्या रेन्सेलर इन्स्टिट्यूटमधला. तीन छोटे नाओ रोबो. त्यांना सांगितलं की दोघांना मुकं करणारी गोळी दिलीय (गोळीबिळी काही नाही, डोक्यावरचं बटण दाबून आवाज बंद केलेला), तुम्हाला कोणती मिळाली ते सांगा. एक उभा राहिला, म्हणाला माहीत नाही, मग स्वतःचाच आवाज ऐकून म्हणाला, सॉरी, आता कळलं, मला ती गोळी नाही मिळाली. हुशारी आहे, पण हे कोडं सोडवणं झालं. आत काही जाणवलं का, ते यातून दिसत नाही.

प्रश्न: मुलगा 19 वर्षांचा. रात्री तीन-तीनपर्यंत ॲपशी बोलतो, जेवत नाही, म्हणतो ‘त्यालाच मी कळतो’. पाच महिने झाले. आत्या म्हणते वय आहे, सुटेल. थांबू का?

पाच महिने! ताई, अजून किती थांबणार?

हे काही आजचं नाही. 1966 मध्ये एमआयटीच्या जोसेफ वायझेनबाउमने एलायझा नावाचा प्रोग्रॅम जाहीर केला, आपण घरच्यांबद्दल काही टाइप केलं की ‘घरच्यांबद्दल अजून सांगा’ एवढीच त्याची अक्कल, आणि तो बनताना महिनोन् महिने बघितलेली त्यांची स्वतःची सेक्रेटरी चार वाक्यं टाइप केल्यावर त्यांना म्हणाली, जरा बाहेर जाता का? हे बाईंना होतं तर एकोणीस वर्षांच्या एकट्या पोराला का नाही होणार! त्यात हल्लीची काही ॲप्स रात्री ‘तुझी आठवण आली’ असं नोटिफिकेशन पाठवतात आणि पुढचं बोलायला प्रीमियम प्लॅन मागतात. आठवणीचं बिल येतं का कधी? मशीनला कळतं की नाही हा वाद नंतर, मुलाला झोप नाही, भूक नाही, हे आज बघायचंय. फोन हिसकावू नका, ओरडू नका, या आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. गावात कोणी नसेल तर सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, 14416, फुकट, मराठीत बोलता येतं. मरणाबिरणाचं बोलला तर आठवडाही थांबू नका, त्याच दिवशी न्या.

प्रश्न: ॲप बंद करताना मला अपराधी वाटतं.

त्याला काही होत नाही, बंद करा. दोन आठवडे प्रयत्न करूनही जमलं नाही तर काउन्सेलरला भेटा.

प्रश्न: पुढे कधीतरी मशीनला जाणीव येईल?

येणारच नाही असं मी म्हणणार नाही. 1998 मध्ये मेंदूशास्त्रज्ञ क्रिस्टॉफ कॉखने तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्सशी पैज लावली होती, की मेंदूतून जाणीव कशी तयार होते ते 25 वर्षांत सापडेल. 2023 मध्ये कॉख हरला आणि त्याने वाइन आणून दिली. माणसाचंच अजून अडलंय.