नव्या कार्यकर्त्यासाठी: कार्यक्रमानंतरचा अर्धा तास

तुम्ही वस्तीतल्या उपक्रमांची जबाबदारी नव्याने घेत आहात, म्हणून सुरुवातीलाच सांगतो की मोठ्या समारंभापेक्षा ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या जागी, न चुकता होणारी छोटी बैठक माणसांना अधिक जवळ आणते, कारण तेच चेहरे पुन्हापुन्हा दिसल्यावरच ओळखीचे विश्वासात रूपांतर होते. नवीन माणूस आला की त्याला केवळ श्रोता म्हणून बसवू नका. खुर्च्या मांडणे, नावे नोंदवणे असे एखादे काम त्याच्याकडे सोपवा, म्हणजे पुढच्या वेळी येण्याचे कारण त्याच्यापाशी राहील.

आधाराची गरज लोक सभेत बोलून दाखवत नाहीत. आजारपण, गेलेली नोकरी, घरातला एकटेपणा या गोष्टी बहुधा कार्यक्रम संपल्यावर, आवराआवर चालू असताना बाहेर येतात, आणि माझ्या मते तुमचे खरे काम तिथेच सुरू होते. तेव्हा घाई न करता ऐका, ऐकलेले कोणाला सांगू नका आणि मदत देताना छायाचित्र काढण्याचा मोह कटाक्षाने टाळा. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ या दारूचे व्यसन सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेने सदस्यांची ओळख गुप्त ठेवण्याला इतके महत्त्व दिले ते उगाच नव्हे. मात्र प्रश्न वैद्यकीय किंवा कायदेशीर असेल, तर स्वतः सल्ला देण्याऐवजी त्या व्यक्तीसोबत जाणकाराकडे जा.