पट्टी डावीकडे घेतली आणि गायबच झाली!

प्रश्न : भाच्याने जुन्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही सिस्टिम टाकून दिलीय, एक्सएफसीई नावाच्या हलक्या डेस्कटॉपवाली. मस्त पळतेय. पण स्क्रीन १३६६ बाय ७६८, त्यात खालचं पॅनल (मेनू, उघड्या खिडक्या आणि घड्याळाची पट्टी) जागा खातं म्हणून ते डावीकडे उभं केलं तर खिडक्यांची नावं कलंडली, मान वाकडी करून वाचायची वेळ आली. मधे एक सेपरेटर नावाचं काहीतरी रिकामंच दिसलं, ते फालतू म्हणून काढलं, तर घड्याळ खालून उडी मारून वर येऊन बसलं. अजून थोडी खुडबुड केली आणि पॅनलच गेलं! भाचा फोन उचलत नाही.

उत्तर : भाच्याला झोपू द्या, होईल. आधी माउस डाव्या कडेला पार टोकापर्यंत नेऊन बघा, कारण बहुतेक खुडबुडीत 'ऑटोमॅटिकली हाइड'ला 'ऑलवेज' झालं असणार. नाहीच आलं तर ऑल्ट आणि एफ२ दाबून एक्सएफसीई, त्याला जोडून ४, मग डॅश, मग पॅनल (xfce4-panel) असं इंग्रजीत, छोट्या अक्षरांत, मधे स्पेस न देता टाइप करून एंटर मारा.

आलं की पॅनलवर राइट क्लिक, पॅनल, पॅनल प्रेफरन्सेस. लपवायचं 'नेव्हर' करा. मोडमध्ये तुम्ही 'व्हर्टिकल' घेतलंय, त्याखालचं 'डेस्कबार' घ्या, पट्टी उभीच राहते पण अक्षरं सरळ होतात. फक्त नावं मावायला पट्टी रुंद लागते, रो साइझ ३० आणि रो ४ ठेवले तर १२० पिक्सेल गेलेच. मी तर विंडो बटन्सच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन 'शो बटन लेबल्स'ची टिकच काढतो, नुसते आयकॉन, एका रोमध्ये काम भागतं आणि उंचीचे ७६८ पूर्ण मिळतात.

आता ते 'फालतू' सेपरेटर. अहो, घड्याळाला तळाशी ढकलून धरणारं तेच होतं! आयटम्स टॅबमधून परत घ्या, घड्याळाच्या आधी ठेवा, त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये 'एक्सपांड'ला टिक आणि स्टाइल 'ट्रान्सपरंट'. झालं, घड्याळ खाली.

आणि सगळं मनासारखं लागलं की त्याच खिडकीत 'बॅकअप अँड रिस्टोअर' असेल (नसेल तर सॉफ्टवेअर मॅनेजरमधून पॅनल प्रोफाइल्स टाका), तिथे सेव्ह करून ठेवा, म्हणजे पुढच्या खुडबुडीनंतर भाच्याला फोन नको.