प्यादं हा शब्द खोड

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रबंधाचा आराखडा दोनदा वाचला. मांडणी नीट आहे, वाचनही भरपूर दिसतं. पण पहिल्याच पानावर तू लिहिलं आहेस की कोरिया हे शीतयुद्धाच्या पटावरचं प्यादं होतं. खाली पेन्सिलीनं मला विचारलं आहेस, 'सर, सगळं मॉस्को आणि वॉशिंग्टनमध्येच ठरत होतं, तर कोरियाचा इतिहास वेगळा वाचायचा कशाला?' त्या प्रश्नानं मला दोन रात्री नीट झोपू दिलं नाही. फोनवर हे बोलता आलं नसतं, म्हणून पत्र.

प्यादं हा शब्द खोड. प्याद्याला स्वतःचं भांडण नसतं. कोरियाला होतं, आणि ते महासत्तांच्या आधीचं होतं.

१९१० ते १९४५ तिथं जपानचं राज्य. त्या ३५ वर्षांत जमिनी कुणाच्या घशात गेल्या, कुळं कुणाची झाली, जपानी पोलिसांत भरती होऊन आपल्याच माणसांना कुणी बडवलं, याचा हिशेब प्रत्येक गावाला पाठ होता. जपान हरला तेव्हा तो चुकता व्हायचा होता. तेवढ्यात १० ऑगस्ट १९४५ च्या रात्री वॉशिंग्टनमध्ये डीन रस्क आणि चार्ल्स बोनस्टील या दोन कर्नलांनी अर्ध्या तासात नकाशावर ३८ व्या अक्षांशावर रेघ ओढली, वर रशियन फौजा, खाली अमेरिकी. एकाही कोरियन माणसाला विचारलं नाही. हे तुझ्या आराखड्यात आहे, छान आहे. पण रेघेखाली पुढं काय झालं ते नाही. दक्षिणेत अमेरिकी लष्करी प्रशासनानं जपान्यांच्या हाताखालचे कोरियन पोलिस बरेचसे तसेच कामावर ठेवले. ज्याच्या लाठीचे वळ पाठीवर होते, तोच नव्या टोपीत परत दारात उभा. जेजू बेटावर १ मार्च १९४७ ला पोलिसांनी गोळीबार केला, ३ एप्रिल १९४८ ला उठाव झाला, आणि तो चिरडताना सुमारे २५ ते ३० हजार माणसं मेली असावीत असा अंदाज आहे. बेटावरचा जवळपास दहावा माणूस. आणि तू ज्याला 'युद्धाची सुरुवात' म्हणतेस ती २५ जून १९५० ची, उत्तरेनं दक्षिणेवर हल्ला केल्याची तारीख अजून दोन वर्षं लांब होती!

आधी त्या जमिनीवरचं भांडण. मग महासत्ता. हा क्रम उलटा केलास की सगळा प्रबंध उलटा होतो.

मला हे इतकं लागतं, कारण मी हा क्रम ३१ वर्षं उलटा शिकवला. फळ्यावर दोन चौकोन काढायचो, एकात अमेरिका, एकात सोव्हिएत रशिया. चौकोनांतून बाण निघायचे आणि बाणांच्या टोकाला कोरिया, व्हिएतनाम, अंगोला, अफगाणिस्तान. पोरं आकृती उतरवून घेत आणि परीक्षेत चांगले गुण मिळवत. त्यातली काही आज स्वतः शिकवतात. तीच आकृती काढत असतील.

तू म्हणशील, तेव्हा पुस्तकंच तशी होती. होती खरी. उत्तर कोरियाचा नेता किम इल सुंगनं चढाईसाठी स्टालिनच्या किती विनवण्या केल्या ते आम्हाला कुठं ठाऊक होतं? ती रशियन कागदपत्रं रशियाचे अध्यक्ष येल्त्सिन यांनी दक्षिण कोरियाला दिली १९९४ मध्ये. त्यांत दिसतं की मार्च १९४९ मध्ये किमनं मॉस्कोत दक्षिणेवर चढाईचा विषय काढला, स्टालिननं तेव्हा परवानगी दिली नाही. जानेवारी १९५० मध्ये एका मेजवानीत किमनं सोव्हिएत राजदूतापाशी पुन्हा तेच काढलं, एकीकरणाच्या विचारानं मला रात्र रात्र झोप येत नाही म्हणाला. महिनाअखेरीस होकार आला, पुढं माओलाही राजी करावं लागलं. दक्षिणेचा अध्यक्ष सिंगमन ऱ्ही तर उत्तरेवर चढाई करायच्या गोष्टी उघड बोलायचा. तो खरंच निघेल या धास्तीनं अमेरिकेनं त्याला रणगाडे दिले नाहीत. सांग, यातलं प्यादं कोण? दोघंही आपापल्या महासत्तेचा हात धरून ओढत होते.

म्हणजे महासत्ता निर्दोष, असं मी म्हणत नाही. तसं वाचू नकोस. भांडण घरचं होतं, दारूगोळा बाहेरचा होता, आणि दारूगोळ्यानं भांडणाचा आकारच बदलला. अमेरिकेनं तिथं ६ लाख ३५ हजार टन बाँब टाकले. सोल चार वेळा हातचं गेलं-आलं. ऑक्टोबर १९५० च्या सुरुवातीला चीनचा पंतप्रधान चौ एन लायनं आपले तिथले राजदूत के. एम. पणिक्कर यांना मध्यरात्री बोलावून सांगितलं की अमेरिकी फौजा ३८ व्या अक्षांशापलीकडं आल्या तर चीन उतरेल. पणिक्करांनी निरोप पोचवला, पण वॉशिंग्टननं तो खरा मानला नाही. त्याच महिन्यात चिनी फौजा सरहद्दीवरची यालू नदी ओलांडून आल्या. घरच्यांची मारामारी वर्षात विझली असती की नाही, कोण सांगणार. तीन वर्षं ती पेटती राहिली, त्याचं कारण बाहेरचं होतं. हे लिही, जोरात लिही. पण दुसऱ्या प्रकरणात.

आता जे मी कुणाला सांगितलेलं नाही ते सांगतो.

युद्ध थांबायला युद्धकैद्यांचा प्रश्न दीड वर्ष आडवा आला. परत जायला नकार देणारे २२ हजारांवर चिनी आणि उत्तर कोरियाई कैदी सांभाळायला १९५३ मध्ये आपली फौज गेली, मेजर जनरल एस. पी. पी. थोरातांच्या हाताखाली. आपले कोल्हापूरकडचे. ऱ्हीनं भारतीय शिपायाला दक्षिणेच्या मातीवर पाय ठेवू द्यायला नकार दिला, म्हणून इंचॉनला बोटीवरून उतरणाऱ्या आपल्या माणसांना हेलिकॉप्टरनं दोन कोरियांमधल्या निर्लष्करी पट्ट्यात न्यावं लागलं. कैद्यांनी आपला एक मेजर आत ओढून ठेवला, तेव्हा थोरात स्वतः त्यांच्यात गेले आणि त्याला सोडवून आणलं.

त्या फौजेतले एक हवालदार आमच्या गल्लीपासून दोन गल्ल्या पलीकडं राहायचे. पेन्शनीत निघालेले, पानपट्टीशेजारच्या कट्ट्यावर बसायचे. एकदा म्हणाले, 'मास्तर, त्या चिनी पोरांच्या दंडांवर कम्युनिस्टांविरुद्धची अक्षरं गोंदलेली असायची. कुणी आपणहून गोंदली, कुणाची जबरदस्तीनं, ते रात्री एकटं गाठल्याशिवाय कळायचं नाही. दिवसा सगळी एकच घोषणा द्यायची.' मला तासाला उशीर होत होता. मी 'हो का' म्हणालो आणि गेलो. त्या दिवशी वर्गात तेच दोन चौकोन काढले.

१९९४ चे कागद माझ्या हाती नव्हते, हे खरं. पण हवालदार होते. २२ वर्षं होते. त्यांना भेटायला रशियाची परवानगी लागत नव्हती.

ते गेले तेव्हा मी परगावी होतो. पुढं कधीतरी वाचलं की त्या कैद्यांपैकी ८८ जणांनी उत्तर नको, दक्षिण नको, चीन नको, तैवान नको म्हणून आपल्या फौजेबरोबर भारतात यायचं ठरवलं. फेब्रुवारी १९५४ मध्ये ते मद्रासला उतरले. नंतर बरेच ब्राझीलला, अर्जेंटिनाला गेले, थोडे इथंच राहिले. पट उधळून उठून गेलेल्या या माणसांना तू कुठल्या खान्यात बसवणार आहेस? हवालदारांनी त्यांच्यातल्या कुणाला पाहिलं असेल का, हे विचारायला आता कुणी नाही.

आणि समाजावर परिणाम या तुझ्या शेवटच्या प्रकरणात फक्त लष्करी करार आहेत. समाज म्हणजे करार नव्हे गं! जून १९८३ मध्ये दक्षिण कोरियाच्या केबीएस वाहिनीनं ताटातूट झालेल्या नातलगांना शोधण्याचा कार्यक्रम सुरू केला. तो १३८ दिवस चालला. ५३ हजारांवर माणसं गळ्यात पाटी अडकवून कॅमेऱ्यापुढं उभी राहिली: नाव, गाव, बाप कुठं सुटला, अंगावर कसला डाग. दहा हजारांवर घरांना आपलं माणूस मिळालं. तीस वर्षं ही माणसं एकाच देशात, कधी एकाच शहरात, एकमेकांना न ओळखता राहिली होती. प्रकरण तिथून सुरू कर. करार तळटीपेत जाऊ देत.

तुझे मार्गदर्शक म्हणतील, एवढं कोरियाचं कशाला, विषय महासत्तांचा आहे. ऐकू नकोस. नाव पाहिजे तर महासत्तांचं ठेव, पण पहिलं प्रकरण १९१० पासून, जमिनीपासून, कुळांपासून. त्यावर मी हटणार नाही, तूही हटू नकोस.

हवालदारांच्या मुलाशी काल बोललो. वडिलांची पत्र्याची ट्रंक अजून माळ्यावर आहे, त्यात काही फोटो आणि पत्रं असतील म्हणाला. घरच्यांनी ती कधी उघडून पाहिलेली नाही. रविवारी ये, सोबत जाऊ. साडेसातची एसटी आहे. वही आण, आणि हातरुमाल, माळ्यावर धूळ फार आहे.

तुझा,
सर