तुमचे प्रश्न: साइट बंद पडली, आता लॉग जपा

प्रश्न: ताई, सप्रेम नमस्कार. मी निवृत्त शिक्षक, पंचवटीत राहतो. गोदावरीत सोडल्या जाणाऱ्या सांडपाण्याचे फोटो आणि माहिती अधिकारात मिळालेली उत्तरं मी चार वर्षं एका छोट्या वेबसाइटवर टाकतो आहे. गेल्या महिन्यात एका नाल्यावर सविस्तर लिहिलं आणि दोन दिवसांत साइट उघडेनाशी झाली. होस्टिंगवाल्यांनी, म्हणजे साइटला इंटरनेटवर जागा देणाऱ्या कंपनीने, 'ट्रॅफिक जास्त आहे' म्हणून खातंच बंद केलं. त्याच आठवड्यात मोबाइलवर मेसेज आला, 'तुमच्याविरुद्ध तक्रार दाखल, तपशील पाहा', आणि खाली लिंक. जावई म्हणतात, हे सरकारचंच काम. सरकारं खरंच असं करतात का? लिहिणं थांबवू का?
– एक वाचक, पंचवटी

उत्तर: सर, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. थांबू नका. हल्ला करणाऱ्याला तुमचा एकही शब्द खोडता आलेला नाही, म्हणून त्याने दार अडवलं.

तुम्ही पाठवलेला लॉग, म्हणजे साइटवर आलेल्या प्रत्येक भेटीची नोंदवही, मी ओळ न् ओळ वाचला. सतरा वर्षं सातपूर-अंबडच्या कारखान्यांचे सर्व्हर सांभाळलेत, त्यामुळे या ओळी ओळखीच्या आहेत. रात्री ९ वाजून १२ मिनिटांपर्यंत मिनिटाला दोन-तीन भेटी. ९:१३ ला आठशेच्या वर. त्यातली एकही भेट तुमच्या लेखाला नाही. सगळ्या शोधाच्या चौकटीकडे, आणि दर वेळी नवा निरर्थक शब्द शोधायला सांगितलेला. शब्द नवा असला की सर्व्हरला साठवलेलं उत्तर देता येत नाही, प्रत्येक वेळी सगळी साइट धुंडाळावी लागते. वाचायला आलेला माणूस असं करत नाही. पिंपळगावच्या बाजार समितीच्या गेटवर कुणी शेकडो रिकामे ट्रॅक्टर आणून उभे केले, तर कांदा भरलेला ट्रॅक्टर आत येणार कसा? तसंच हे.

पण हे कुणी केलं, ते या लॉगवरून कळत नाही. असे हल्ले भाड्याने मिळतात. भेटी येतात त्या बहुतेक लोकांच्या घरातल्या राउटर आणि कॅमेऱ्यांमधून, आणि त्या मालकांना त्याचा पत्ताही नसतो. तुमच्या लेखाने दुखावलेला एखादा ठेकेदारही हे करू शकतो. म्हणून जावईबापूंना सांगा, पुरावा हाती येईपर्यंत सरकारचं नाव लिहायचं नाही.

सरकारं असं करतात का? करतात, आणि ते पकडलंही गेलंय. २०२१ मध्ये फिलिपिन्समध्ये बुलातलात आणि आल्टरमिद्या या स्वतंत्र वृत्तसंकेतस्थळांवर असेच हल्ले झाले. स्वीडनच्या क्युरियम संस्थेने त्यांचे लॉग तपासले. साइटमधल्या कच्च्या जागा चाचपून पाहणाऱ्या एका यंत्राचा इंटरनेटवरचा पत्ता निघाला तिथल्या विज्ञान-तंत्रज्ञान खात्याच्या नावावर. पुढे त्या देशाच्याच सायबर पथकाने सांगितलं, की तो पत्ता लष्कराला दिलेला होता. लॉग जपलेले होते, म्हणून हे बाहेर आलं.

तुमच्या त्या मेसेजची मला जास्त काळजी वाटते. ऑगस्ट २०१६ मध्ये संयुक्त अरब अमिरातीतले मानवाधिकार कार्यकर्ते अहमद मन्सूर यांना असाच मेसेज आला होता: तुरुंगातल्या छळाची गुपितं, सोबत लिंक. त्यांनी ती उघडली नाही, डिजिटल हेरगिरीचा तपास करणाऱ्या टोरोंटो विद्यापीठाच्या सिटिझन लॅबकडे पाठवली. तपासात कळलं, की एक टिचकी मारली असती तर इस्रायलच्या एनएसओ कंपनीचं पेगासस हे हेरगिरीचं सॉफ्टवेअर त्यांच्या आयफोनमध्ये शिरलं असतं. ही कंपनी म्हणते, आम्ही फक्त सरकारांना विकतो. ॲपलला तातडीने दुरुस्ती काढावी लागली, जगभरचे आयफोन त्यामुळे या वाटेने होणाऱ्या हल्ल्यापासून सुरक्षित झाले. आणि मन्सूर? त्यांना २०१८ मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. हे लिहितानाही हात जड होतो.

आपल्याकडे पेगाससच्या तक्रारींवर सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये समिती नेमली. तिने तपासलेल्या २९ फोनपैकी पाचांत घातक सॉफ्टवेअर सापडलं, ते पेगाससच होतं असं सिद्ध झालं नाही. केंद्र सरकारने समितीला सहकार्य केलं नाही, हे सरन्यायाधीशांनी भर न्यायालयात सांगितलं. नागरिकाला याहून स्पष्ट उत्तर मिळायला हवं होतं, असं माझं ठाम मत आहे.

एक माझी चूक सांगते. काही वर्षांपूर्वी एका संस्थेची साइट अशीच पाडली गेली. सकाळपर्यंत ती सुरू व्हावी म्हणून मी रात्रीच सर्व्हर पुसून नव्याने उभा केला. आठवड्याने तपास अधिकाऱ्याने लॉग मागितले आणि माझ्या हातात काहीच नव्हतं. तक्रार तिथेच संपली. ती रात्र मला अजून टोचते.

म्हणून आजच लॉगच्या दोन प्रती काढा, एक पेन ड्राइव्हवर, एक घराबाहेर कुणाकडे. होस्टिंग कंपनीला लेखी मेल करून पूर्ण लॉग मागा. खातं बंद झाल्यावर ते फार दिवस ठेवत नाहीत. मग शहर सायबर पोलीस ठाण्यात तक्रार द्या. मुद्दाम सेवा अडवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. साइट पुन्हा उभी करताना क्लाउडफ्लेअरच्या प्रोजेक्ट गॅलिलिओकडे किंवा गूगलच्या प्रोजेक्ट शील्डकडे अर्ज करा. तुमच्यासारख्यांना ही ढाल फुकट मिळते. मेसेज पुसू नका, लिंक उघडू नका, स्क्रीनशॉट काढा, फोन अपडेट करा. आणि तुम्हाला नाल्यांची माहिती देणाऱ्यांचे नंबर त्या फोनमध्ये असतील तर त्यांनाही सावध करा.

प्रश्न: वडील विरोधी पक्षाचे कार्यकर्ते आहेत. ॲपलकडून 'सरकारपुरस्कृत हल्लेखोर' असा इशारा आला. खरा की खोटा?
– एक विद्यार्थिनी, नाशिक रोड

उत्तर: ऑक्टोबर २०२३ मध्ये देशातल्या अनेक विरोधी नेत्यांना असा इशारा आला होता. कुठलं सरकार, ते ॲपल सांगत नाही. मेलमधल्या कशावरही टिचकी मारू नका. ब्राउझरमध्ये ॲपल खात्याचा पत्ता स्वतः टाइप करून लॉगिन करा. इशारा खरा असेल तर तिथे वरच दिसेल. दिसला, तर सेटिंग्जमधला लॉकडाउन मोड सुरू करा, हल्ल्याला वाट देऊ शकणाऱ्या फोनच्या काही सोयी तो बंद करतो. फोन रीसेट मात्र करू नका, तपासणाऱ्याला तो आहे तसाच लागेल.