सोलापूर–गोवा विमानात खिडकी कोणत्या बाजूची घ्यावी?

तुम्ही विचारलंय की आईंना पहिल्यांदाच विमानाने नेताय, तर खिडकीसाठी जास्तीचे पैसे भरावेत का आणि बाजू कोणती घ्यावी. पैसे जरूर भरा. बाजू मात्र सूर्य बघून ठरवा.

९ जून २०२५ पासून सोलापूरच्या होटगी रोड विमानतळावरून गोव्याला जातं ते एटीआर, म्हणजे प्रोपेलरचं छोटं विमान. त्याचे पंख खिडक्यांच्या वर असतात, त्यामुळे खालची जमीन झाकली जात नाही. फक्त इंजिनाच्या जवळच्या रांगा टाळा, मागच्या रांगा चांगल्या. जेट विमानांपेक्षा ते खालून उडतं, म्हणून शेतंसुद्धा ओळखू येतात.

गोवा आपल्या नैर्ऋत्येला. सकाळी जाताना ऊन डावीकडून येतं, म्हणून उजवी खिडकी घ्या. संध्याकाळी परतताना तोंड ईशान्येला असतं आणि सूर्य मागे डावीकडे जातो. म्हणजे तेव्हाही उजवीच! वेळापत्रक बदलत असतं, तेव्हा तिकिटावरची वेळ बघून हा हिशेब पुन्हा करा.

ऊन डोळ्यांत येत नाही, एवढाच याचा फायदा नाही. खाली ढग असले तर त्यांच्यावर आपल्या विमानाची सावली पडते आणि तिच्याभोवती रंगीत कडी दिसतात. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून दिसतं तेच हे इंद्रवज्र. ते नेहमी सूर्याच्या विरुद्ध बाजूलाच दिसतं. मला पहिल्यांदा दिसलं तेव्हा शेजारच्या अनोळखी आजींना हलवून दाखवलं होतं.

पण आईंना खरी मजा येईल ती पहिल्या पंधरा मिनिटांत. आपला मुलूख वरून वाचता येतो. शेततळी आरशासारखी चमकतात. कालव्याच्या खालच्या अंगाला उसाचा गर्द पट्टा आणि वरच्या अंगाला कोरडवाहू रान, मधली रेघ सुरीने कापल्यासारखी. मग भीमेची वळणं येतात. आईंचं माहेर त्या वाटेवर असेल तर आधी घरी नकाशावर जवळचा तलाव हेरून ठेवा. वरून गाव ओळखायला पाण्याइतकी चांगली खूण नाही.

महिना निवडता येत असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबर. पावसाने हवा धुतलेली असते, तळी भरलेली असतात. एप्रिल-मेमध्ये धुरळ्याने सगळं फिकट दिसतं. गोवा जवळ आला की पठार संपून सह्याद्री एकदम खाली उतरतो, तेव्हा आईंना झोपू देऊ नका.

फोटो काढताना मोबाईल काचेच्या अगदी जवळ धरा आणि फ्लॅश बंद ठेवा. काचेत प्रतिबिंब पडलंच, तर आईंचा पदर मोबाईलभोवती आडोशाला धरा.