तिबेटी वसाहतीतल्या मुलीला बारावीनंतर पदवीला प्रवेश मिळतो का? कागदपत्रं कोणती लागतात?

मिळतो. तुम्ही लिहिलंय की मुलगी गोठणगावच्या नोर्ग्येलिंग वसाहतीतली आहे, बारावी सायन्स पास झाली आणि कॉलेजच्या ऑफिसातून तिला "फॉरेनर आहे, जमणार नाही" म्हणून परत पाठवलं. अगदी हेच वाक्य मी ऐकलेलं आहे, म्हणून लिहायला बसले.

मी अर्जुनी मोरगाव तालुक्यात ज्युनिअर कॉलेजला केमिस्ट्री शिकवायचे. वसाहतीतली मुलं वर्गात असायचीच. त्यातल्या एका मुलीचा हात टायट्रेशनला, म्हणजे ब्युरेटच्या नळीतून थेंबथेंब द्रावण सोडायच्या प्रयोगाला, असा बसला होता की फ्लास्कमध्ये फिकट गुलाबी रंग दिसला रे दिसला की ब्युरेटचा कॉक बंद. बाकीच्यांचा तोवर गडद राणी रंग झालेला असायचा. तिला बीएस्सी करायचं होतं. घरून ना नव्हती, पण ऑफिसात बोलणारं कोणी नव्हतं, म्हणून मी सोबत गेले.

खिडकीतल्या बाबूंनी तिची आरसी, म्हणजे परदेशी नागरिक म्हणून नोंदणीचं पुस्तक, उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, स्टुडंट व्हिसा आणा, परदेशी बोर्डाचं समकक्षता प्रमाणपत्र आणा, आणि फी परदेशी विद्यार्थ्यांची लागेल. मी विचारलं, "दहावी कोणत्या बोर्डाची दिसते?" नागपूर. "बारावी?" नागपूर. "मग समकक्षता कोणाची कोणाशी काढायची?" त्यावर ते जिल्ह्यावर घसरले. वडिलांच्या जुन्या कागदावर जिल्हा भंडारा, हिच्या टीसीवर गोंदिया. आता 1 मे 1999 ला भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा झाला, हे त्या खिडकीतल्या माणसाला मी सांगायचं? त्यात हिच्या आरसीची मुदत संपलेली. आईवडील दिवाळीनंतर स्वेटर विकायला बाहेरगावी गेले ते थंडी सरल्यावर परतले, नूतनीकरण तेवढ्यात राहून गेलं होतं. ती एकच हरकत खरी होती. ते काम एसपी ऑफिसच्या परदेशी नागरिक शाखेत होतं आणि झालंही.

बाकी हरकती कशा सुटल्या म्हणाल, तर मी एवढंच म्हटलं की नाही म्हणता ते लेखी द्या, कोणत्या नियमाने नाही तेही लिहा. लेखी कोणी देत नाही. कागद प्राचार्यांकडे गेला, तिथून विद्यापीठाच्या पात्रता विभागाला विचारणा झाली आणि प्रवेश झाला, साध्या फीमध्ये. तुम्हीही हेच करा. तोंडी नकार घेऊन घरी येऊ नका.

तेव्हा स्टाफरूममधले एक सहकारी मला म्हणाले होते, "मॅडम, काहून एवढी धावपळ करता? शेवटी स्वेटरच विकणार नं ते. आन् आपल्या पोट्ट्यांले जागा भेटत नाही." जागा भेटत नाही हे साफ खोटं होतं. त्या कॉलेजात त्या वर्षी बीएस्सीच्या जागा रिकाम्या पडल्या होत्या, पोरं नागपूरला पळत होती. आणि स्वेटर विकून लेकीची फी भरणाऱ्या आईबापांना हलकं लेखायचा अधिकार पगारी माणसाला कोणी दिला? आमच्याच तालुक्यात पूर्व पाकिस्तानातून आलेली बंगाली कुटुंबं वसली. त्यांच्या मुलांना शाळा-कॉलेजं उघडी होती म्हणून आज त्यांच्यातले कितीतरी नोकरीत आहेत. तिबेटी लोक सत्तरच्या दशकापासून इथे आहेत. तीन पिढ्या नवेगावबांधचं पाणी प्यालेल्या पोरीला अजून पाहुणी म्हणायचं, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही.

पैशाचं मात्र आधीच पाहून ठेवा. महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवरच्या शिष्यवृत्तीला डोमिसाइल लागतं, तिथे गाडी अडते. धरमशालेच्या तिबेटी प्रशासनाचा शिक्षण विभाग पदवीला शिष्यवृत्ती देतो, ती बारावीच्या टक्क्यांवर असते. चौकशी वसाहतीच्या ऑफिसात होते. सीईटीवाले कोर्स, म्हणजे इंजिनिअरिंग वगैरे, तिथे राष्ट्रीयत्व आणि डोमिसाइल दोन्ही विचारतात. साधी पदवी त्या मानाने सोपी.

आणि एक गोष्ट कोणी सांगत नाही. आईवडिलांच्या जन्मतारखा बघा. 26 जानेवारी 1950 ते 30 जून 1987 या काळात भारतात जन्मलेला माणूस कायद्याने जन्मानेच नागरिक आहे. नामग्याल डोलकर या भारतात जन्मलेल्या तिबेटी तरुणीच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने 2010 मध्ये हे तिबेटींनाही लागू केलं. आईवडील दोघेही त्या काळात इथेच जन्मले असतील तर मुलगीही नागरिक ठरते, आणि मग सीईटीचा प्रश्नही बदलतो. दोघांपैकी एकाचाच जन्म बसत असेल तर वकील गाठा. पण हे काम प्रवेशाच्या घाईत होत नाही. शिवाय बऱ्याच तिबेटी घरांना नागरिकत्व घ्यायचंच नसतं, तिबेटशी असलेलं नातं कागदावर तोडायला मन धजत नाही. भारतीय पासपोर्ट घेणाऱ्यांना आरसी परत करा, वसाहत सोडा अशाही अटी सरकारने 2017 मध्ये घातल्या होत्या. तेव्हा माहिती द्या, आग्रह करू नका.

हे सगळं तिबेटींपुरतं, कारण त्यांची नोंद आपलं सरकार करतं. भारताने 1951 च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही. त्यामुळे अफगाणिस्तान, म्यानमारकडून आलेल्या मुलांकडे संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित आयोगाचं दिल्लीचं कार्ड असतं आणि कॉलेजात ते कोणी ओळखत नाही. आयोगाने मान्यता दिलेल्या निर्वासितांना डाफी नावाची पदवीची शिष्यवृत्ती आहे, जर्मनीच्या मदतीने 1992 पासून चालते. ज्याचा अर्ज अजून विचाराधीन आहे त्याचं काम फार कठीण.

तुमच्या मुलीची आरसी चालू आहे का ते आजच पाहा. चालू असेल तर टीसी, दोन्ही मार्कशीट, आरसी, आधार, ग्रामपंचायतीतला जन्माचा दाखला आणि एक साधा अर्ज घेऊन थेट प्राचार्यांना भेटा, खिडकीवर नको. अर्जाची दुसरी प्रत करा आणि तिच्यावर आवक क्रमांक टाकून घ्या.